दुसऱ्या अंकातलं दार

सदर इसम नाट्यसंस्थेच्या आस्थापनेवर ‘सुतार (कायम)’ या पदावर कार्यरत आहे. वय सत्तावन्न वर्षे आठ महिने. उंची पाच फूट चार इंच. ओळखीची खूण : डाव्या तर्जनीचे नख अर्धे. वर्तणूक समाधानकारक. प्रेक्षकांसमोर येण्याचा प्रसंग नाही. संस्थेची हत्यारे घरी नेल्याची नोंद नाही. घरची हत्यारे संस्थेत आणल्याची आहे, परंतु त्याबाबत कार्यवाही करण्याचे कारण दिसत नाही. विशेष शेरा : सदर इसमाने बनविलेले एकही दार आजतागायत अडलेले नाही.

शेवटचा शेरा आपसूक पडलेला नाही. तो लिहून घेण्यासाठी सदर इसम एकोणीस वर्षांपूर्वी कार्यवाहांच्या टेबलासमोर सलग तीन दिवस उभा राहिला होता. पहिल्या दिवशी कार्यवाहांनी त्याला बसायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी जायला सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी पेन उघडलं.

संस्थेत त्याला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं ते वजन, जे भिंत सरळ आहे की नाही हे न बोलता सांगतं. हा बोलून सांगायचा, एवढाच फरक. तोंडावर मात्र सगळे त्याला मिस्त्री म्हणत, कारण त्याच्या हातात बहुतेक वेळा धारदार पटाशी असे.

नाटकातल्या दाराचं आयुष्य खडतर असतं. घरातलं दार दिवसातून वीस वेळा उघडतं आणि त्यातल्या एकोणीस वेळा त्याच्याकडे कुणी बघत नाही. नाटकातलं दार दोन तासांत चाळीस वेळा उघडतं आणि दर खेपेला पाचशे माणसं बघत असतात. त्यातून नाटक विनोदी असलं की संपलंच. एक जण आत आला की दुसरा बाहेर गेला पाहिजे, आणि दोघांनी एकमेकांना बघता कामा नये. दार अर्धा क्षण अडलं, तर नवऱ्याला बायको दिसते आणि नाटक पंचवीस मिनिटं आधी संपतं. ओळंब्याची दारं तशी अडली नाहीत. एकतीस वर्षांत एकदाही नाही.

निवृत्तीला सहा महिने असताना संस्थेनं नवं नाटक घेतलं. घरगुती, विनोदी, आजच्या काळातलं. गोष्ट साधी होती. एका घरातली मुलं, सुना आणि जावई यांनी फोनवर एक गट काढलेला असतो. वडील दिवसाला चाळीस सुविचार पाठवतात म्हणून मुलं त्यांना त्या गटातून काढून टाकतात. वडिलांना ते कळतं. ते म्हणतात, तुम्ही मला गटातून काढलंत, मी तुम्हाला घरातून काढतो. नाही, घर तुमच्या नावावर केलंय, तेव्हा मीच निघतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ते पिशवी उचलतात, दार उघडतात आणि चालते होतात. क्षणभरानं चष्मा विसरला म्हणून परत येतात. इथे हशा अपेक्षित होता. संहितेत कंसात तसं लिहिलेलंही होतं.

हे दार आपलं शेवटचं, असं ओळंब्यानं ठरवलं होतं. त्यानं ते असं केलं की बघत राहावं. फळी निवडायलाच त्यानं आठ दिवस घेतले. दार स्टेजच्या बाजूला उघडणारं होतं. बाकी सगळे आतल्या खोलीतून ये-जा करत असल्यानं ते दुसऱ्या अंकाच्या शेवटीच पहिल्यांदा उघडायचं, वडील ते स्वतःकडे ओढणार होते. खाली त्यानं बरोबर दोन सूत फट ठेवली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराच्या जगात भांडणं साधारण तेवढ्या अंतरावरून होतात.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी दिग्दर्शकबाईंना वाटलं की बैठकीची खोली उघडी-उघडी दिसते. त्यांनी एक गालिचा आणवला. गालिचा सुंदर होता. तो दार बंद असताना अंथरला गेला आणि त्याची कड थेट दाराच्या अंगाला येऊन टेकली. जाडी चार सूत. त्या वेळी ओळंबा मागच्या आवारात चहा पीत होता. एकतीस वर्षांत त्यानं चहाला जायची चूक तशी पुष्कळदा केली होती. ती त्या दिवशी भोवली.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी वडिलांचं काम करणारे थोरले नट पिशवी उचलून गरजले, “या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही!” आणि त्यांनी दार ओढलं. दार जागचं हललं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. पिशवी खाली ठेवून दोन हातांनी ओढलं. मग ते वळून, संहितेत नसलेल्या खऱ्याखुऱ्या केविलवाण्या आवाजात मुलाचं काम करणाऱ्या नटाला म्हणाले, “अरे, जरा हात लाव ना.”

मुलगा उठला. घरातून निघालेल्या बापाला दार उघडून द्यायला दोघं मिळून ओढू लागले, मग सूनही आली. प्रेक्षागृहात जे हसू फुटलं ते तिसऱ्या अंकापर्यंत अधूनमधून फुटतच राहिलं. चष्म्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात परीक्षण आलं. “नाटक बेताचे, परंतु दुसऱ्या अंकातील ते अडलेले दार पाहून पोट दुखेपर्यंत हसू आले. दार बनवणाऱ्याची मात्र कीव येते.”

ओळंब्यानं ते वाक्य उभं राहून वाचलं, बसून वाचलं आणि रंधा घेऊन स्टेजवर गेला. दार बिजागऱ्यांवरून उतरवून त्यानं आडवं टाकलं, तेवढ्यात दिग्दर्शकबाई धावत आल्या.

“मिस्त्री, हात लावू नका!”

“बाई, दोन सूत तासतो. संध्याकाळी लोण्यासारखं उघडेल.”

“लोण्यासारखं उघडलं तर नाटकाला कुत्रं फिरकणार नाही. आज सकाळपासून पुढच्या तीन प्रयोगांची तिकिटं संपली. लोक विचारतात, दार अडणारंच नाटक ना?”

“पण दार माझं आहे. पेपरात आलंय, कीव येते म्हणून.”

“अहो, ते कौतुक आहे.”

“कौतुक करायचं तर गालिच्याचं करा,” ओळंबा म्हणाला. “तो अडला. माझं दार अडलं नाही.”

त्यानं रीतसर अर्ज केला. प्रवेशद्वारी फलक लावावा, की दुसऱ्या अंकातील अडचणीस सुतार जबाबदार नसून गालिचा जबाबदार आहे. कार्यवाहांनी अर्जावर लिहिलं : ‘गालिचा सजावट विभागाकडील आहे, योग्य त्या कार्यवाहीसाठी तिकडे.’ सजावट विभागात एकच बाई होत्या आणि त्या प्रसूतीच्या रजेवर होत्या.

प्रश्न गालिच्यानंच सोडवला. तिघांच्या ओढाताणीनं त्याची कड दबली, केस झडले, आणि चौथ्या प्रयोगाला थोरल्या नटांनी दार ओढताच ते असं उघडलं की ते स्वतः पडता पडता वाचले. ते बाहेर गेले, चष्म्यासाठी परत आले. चार माणसं हसली, त्यातली दोन त्यांच्या साडूकडची होती.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकबाईंनी ओळंब्याला गाठलं. “मिस्त्री, ते दार अडवा. रोज अडेल असं करा.”

“मी दारं उघडणारी करतो.”

“एक अडणारं करा.”

“चार महिन्यांनी मी घरी जाणार. एकतीस वर्षांत एकही दार अडलं नाही, तसं लिहून घेतलंय मी. जाता जाता मुद्दाम बिघडवून जाऊ?”

बाई वाईट नव्हत्या. पण पुढच्या आठवड्यात चार प्रयोग होते आणि चष्म्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्या म्हणाल्या, “मग मला दुसऱ्याला बोलवावं लागेल. बाजारामागे एक जण आहे, ऑफिसच्या केबिनी करतो. हात चांगला आहे म्हणतात. रविवारी दुपारच्या प्रयोगाला येऊन दार बघून जा, असा निरोप धाडते त्याला.”

बाजारामागे ऑफिसच्या केबिनी करणारा आणि हात चांगला असलेला माणूस एकच होता. तो त्याचा धाकटा भाऊ होता, आणि दोघं सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण कपाटावरून झालं होतं. तेव्हा धाकटा यांच्याकडेच राहायचा. त्यानं वहिनीसाठी स्वतःच्या हातानं एक कपाट केलं. तो बाहेर गेला असताना ओळंब्याला कपाटाच्या दाराचा एक पल्ला एक सूत फुगीर वाटला. त्यानं तो तासला. मग दुसरा त्याच्या जोडीला बसेना, म्हणून तोही तासला. धाकटा परत आला, त्यानं पल्ल्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “दादा, माझं कपाट कुठंय?” पुढे दोघांत जे बोलणं झालं त्यात कपाट फार वेळ राहिलं नाही. शेवटी धाकटा कपड्यांची बॅग भरून निघाला.

ओळंब्याच्या घरचं दार म्हणजे त्याच्या हातचा नमुना होता. फुंकर मारली तरी उघडावं, आणि मिटताना आवाज होऊ नये म्हणून चौकटीला लोकरीची पट्टी लावलेली. धाकटा त्या दारातून गेला तेव्हा कुणाला कळलंच नाही. तो मागच्या खोलीत असेल, असं समजून ओळंबा आणखी पाव तास मोठमोठ्यानं त्याला सुनावत बसला होता.

बाईंशी बोलणं झालं त्या रात्री ओळंब्यानं घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. बायको शिवण घेऊन बसली होती. तिला नाट्यसंस्थेतल्या बातम्यांचं फारसं अप्रूप नव्हतं, पण ‘बाजारामागे’ हा शब्द आला तशी तिची सुई थांबली.

“भावजी तुमच्या दाराला हात लावणार?”

“माझ्या जिवात जीव असेतो नाही.”

“मग तुम्ही लावा.”

“दार अडवू? मी? लोक हसतात गं त्याला.”

“हसतात म्हणजे काय वाईट करतात? मी बघितलाय तो पहिला प्रयोग. तुम्ही मागं तोंड लपवून बसला होता, मी पुढं बसले होते.” तिनं दोरा दातानं तोडला. “तो म्हातारा एवढा तावातावानं निघाला, आणि दार अडलं म्हणून मुलगा उठला की नाही जागचा? तोवर उठला होता का? पाऊण तास बसून वाद घालत होता नुसता. दाराला हात लावायला म्हणून दोघं जवळ आले.”

“ते नाटक आहे.”

“हो ना. इथं नाटक नव्हतं. भावजी निघाले त्या दिवशी तुमचं हे गुणाचं दार जरा जरी अडलं असतं, तर तुम्ही उठला असता. कुणाचं दार अडलेलं तुम्हाला बघवतं का? उठून उघडायला गेला असता आणि तेवढ्यात दोघांपैकी एकाच्या तोंडून काहीतरी निघालं असतं. शिवी का असेना.”

ओळंब्यानं उठून समोरचं दार एकदा उघडून मिटलं. मग म्हणाला, “त्याचा पल्ला फुगीर नव्हता.”

“ते मला सात वर्षांपासून माहीत आहे,” बायको म्हणाली. “कपाट मी वापरते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला, रखवालदारानं कुलूप काढायच्या आधी, ओळंबा संस्थेच्या फाटकाशी उभा होता. अडवायचंच तर असं अडवायचं की केबिनीवाल्याला बोट ठेवायला जागा राहू नये.

अडणारं दार करणं सोपं असेल, असा त्याचा समज होता. जगात सगळे तेच करतात. पण रोज, ठरल्या वेळी, ठरलं तेवढं अडणारं आणि मग उघडणारं दार ही वेगळीच चीज निघाली. पाचर मारली तर ती दोन खेपांत सैल व्हायची. स्प्रिंग बसवली तर तालमीत दार उघडताना थोरल्या नटांना कपाळावर टेंगूळ आलं. मग त्यानं वरच्या चौकटीत खिटी बसवली. तिसऱ्या हिसक्यानंतर तो विंगेतून दोरी ओढायचा आणि खिटी सुटायची. खिटी चोख होती. दार तीनदा ओढलं की चौथ्यांदा उघडायचं, न चुकता. आणि पाचव्या प्रयोगाला कुणी हसलं नाही.

दिग्दर्शकबाई डोक्याला हात लावून बसल्या. ओळंब्याला कारण विंगेतून दिसलं होतं. चौथ्यांदा उघडणार हे थोरल्या नटांना ठाऊक होतं, म्हणून पहिले तीन हिसके ते नुसते अभिनयाचे देत होते. हात ओढत होता, पाय मात्र जागेवर मजेत उभे होते.

त्यानं खिटी काढून टाकली. दार पुन्हा पहिल्यासारखं केलं, दोन सुतांची फट, लोण्यासारखं. मग दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो स्वतः दारामागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी मागची मूठ धरली.

प्रयोगाआधी थोरले नट विचारायला आले होते. “मिस्त्री, किती हिसक्यांनी सोडणार?”

“तुम्ही मनापासून ओढलंत की सोडतो.”

“म्हणजे? मी चाळीस वर्षं काम करतोय. मनापासून म्हणजे काय ते तुम्ही ठरवणार?”

“मुठीतून कळतं,” ओळंबा म्हणाला.

थोरले नट तडक दिग्दर्शकबाईंकडे गेले. सुतार माझ्या अभिनयाची परीक्षा घेणार असेल तर मी काम करणार नाही, असं म्हणाले. बाई म्हणाल्या, “मग मनापासून ओढा, म्हणजे परीक्षाच राहणार नाही.” थोरल्या नटांनी रागानं चहा नाकारला. संस्थेच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ होती.

त्या संध्याकाळी त्यांनी अकरा वेळा ओढलं. पहिले चार हिसके अभिनयाचे होते, पुढचे तीन रागाचे. आठव्याला त्यांनी दाराच्या फटीला तोंड लावून हलक्या आवाजात म्हटलं, “सोडा हो मिस्त्री, लोक बघतायत.” मिस्त्रीनं सोडलं नाही. नववा, दहावा. मुलाचं काम करणारा नट आता खरोखरीच काळजीनं उठून आला होता, आणि प्रेक्षागृहात माणसं खुर्चीत मावत नव्हती. अकराव्या वेळी मुठीतून जे ओढलं गेलं त्यात राग नव्हता, अभिनय नव्हता. एका दमलेल्या माणसाला खरंच दार उघडायला हवं होतं. ओळंब्यानं हात काढला.

पडदा पडल्यावर थोरले नट घामानं निथळत दारामागे आले. सगळ्यांना वाटलं, आता कानाखाली आवाज निघणार.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “आज ओढलं हो मी.”

“हो,” ओळंबा म्हणाला. “अकरावा बरा होता.”

रविवारी दुपारच्या प्रयोगाला ठरल्याप्रमाणे धाकटा भाऊ आला. बाई निरोप मागे घ्यायला विसरल्या होत्या, आणि ओळंब्यानं आठवण केली नव्हती. सातव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर तो बसला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी पाचशे माणसं हसत असताना तो एकटा मान तिरकी करून दाराची वरची कड बघत होता.

मध्यंतरात तो बाईंना म्हणाला, “यात माझं काही काम नाही. हे दार अडत नाहीये.”

“अहो, आत्ता नऊ वेळा अडलं.”

“अडलेलं दार खालून किंवा वरून घासतं. हे कुठंच घासत नाही. नुसतं थरथरतं. मागं कुणीतरी धरून उभं आहे.” मग तो म्हणाला, “आणि जो धरून आहे, दार त्यानंच केलंय. असं दार दुसरं कुणी करत नाही.”

नाटक संपल्यावर तो दारामागे आला. ओळंबा मूठ पुसत होता. मान वर न करता म्हणाला, “बघितलंस?”

“बघितलं. पेपरात वाचलं तेव्हाच वाटलं होतं, दादाचं दार अडणं शक्य नाही.”

“गालिचा होता. चार सूत.”

“तरीच.”

बाजूनं दोन जण सोफा उचलून घेऊन गेले. त्यांना वाट द्यायला दोघं भाऊ भिंतीला चिकटून उभे राहिले.

“तुझा पल्ला,” ओळंबा म्हणाला, “फुगीर नव्हता.”

“माहीत आहे.”

“मी उगाच तासला.”

“दोन्ही तासलेस.”

“दोन्ही तासले,” ओळंबा म्हणाला. “वहिनी चहा टाकेल. येतोस?”

धाकटा आला. चहा झाला. कपाट उघडून बघून झालं, त्यातले दोष एकमेकांना दाखवून झाले, आणि ‘तूच बिघडवलंस’ हे चारदा म्हणून झालं. वहिनी म्हणाली, सात वर्षांत या घरात एवढा आरडाओरडा झाला नव्हता, बरं वाटलं. त्यानंतर तो रविवारी येऊ लागला.

तिसऱ्या रविवारी निघताना त्यानं बाहेरचं दार ओढलं आणि ते जागच्या जागी राहिलं. त्यानं वाकून खाली बघितलं. उंबरठ्यावर कुणीतरी फळीची नवी पट्टी ठोकली होती.

“दादा, खाली फट कमी पडतेय. दोन सूत तासून देऊ?”

“हात लावू नकोस,” ओळंबा म्हणाला. “थांब, मी आलो.” आणि चप्पल शोधत उठला. ती सापडेपर्यंत वहिनीनं पुन्हा आधण ठेवलं होतं.

नाटकाचे एकशे सहा प्रयोग झाले, त्यातल्या एकशे एक प्रयोगांत दारामागे ओळंबा उभा होता. एकशे सहावा प्रयोग त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी आला. त्या दिवशी थोरल्या नटांनी दार पहिल्याच हिसक्याला इतकं मनापासून ओढलं की नियमाप्रमाणे ओळंब्याला सोडावं लागलं. दार अडायची वाट बघत बसलेल्या प्रेक्षकांचा तो हशा सगळ्यांत मोठा होता असं काही जण म्हणतात; ओळंब्याच्या मते तिसऱ्या रांगेतला एक माणूस हसला नाही.

कार्यवाहांनी सेवापुस्तिका पूर्ण करून सही-शिक्क्यानिशी त्याच्या हाती दिली. सदर इसम नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहे. वर्तणूक अखेरपर्यंत समाधानकारक. प्रेक्षकांसमोर येण्याचा प्रसंग आला नाही. विशेष शेरा कायम ठेवण्यात येत आहे : सदर इसमाने बनविलेले एकही दार आजतागायत अडलेले नाही.

घरचं दार अडतं.